गोळी कोण निवडतं?



अध्यक्षाने आभार मानता मानता पाऊण तास घ्यावा, अशी आपल्याकडे रीत आहे. मी आभार मनातल्या मनात मानते आणि थेट ओपीडीत शिरते.

पस्तिशीची बाई समोर बसते. शाळेत रोज काहीतरी विसरणारी, आता ऑफिसात दहा कामं उघडी ठेवून एकही न संपवणारी. वर छातीत धडधड, रात्री डोक्यात भुंगा. एडीएचडी आणि चिंता, दोन्ही. मिथाइलफेनिडेटचं नाव आपल्या ओठांवर येतं आणि आपण ते गिळतो. ‘उत्तेजक आहे, घाबरेपणा वाढेल.’ मग अ‍ॅटोमोक्सेटिन लिहून मोकळे होतो. माझं म्हणणं एवढंच, की ही गोळी पुष्कळदा तिची चिंता बघून नव्हे, आपल्या चिंतेपोटी लिहिलेली असते.

२०१५ साली मुलांवरच्या चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. उत्तेजक औषध घेणाऱ्यांत चिंतेची तक्रार नकली गोळीवाल्यांपेक्षा कमीच निघाली. मला त्याचं नवल वाटलं नाही. रोजचं काम अंगावर येत असेल तर जीव धास्तावणारच.

तरी एखादीला त्रास होतो, हेही खरं. तिथे घड्याळ बघावं. साध्या मिथाइलफेनिडेटचा अंमल तीन-चार तास. धडधड गोळीनंतर तासाभरात येत असेल तर डोसाकडे पाहा. अंमल उतरताना येत असेल तर सावकाश सुटणाऱ्या गोळीचा विचार करा. सकाळची गोळी आणि धडधड पहाटे चारला, तर त्या बिचाऱ्या गोळीवर आळ का? आणि चहा! सकाळपासून पाच कप झालेले असतात, आपण विचारतच नाही. पॅनिकचे झटके रोजचे असतील, जेवणझोप उडाली असेल, तर आधी चिंतेवर उपचार. यात माझा वाद नाही.

अ‍ॅटोमोक्सेटिनशी माझं वैर नाही. चिंता असलेल्या मुलांत त्याने दोन्हीकडे आराम पडल्याचं दिसलं आहे. पण पुरता गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. ते सांगितलं नाही तर पंधराव्या दिवशी पाकीट कपाटात जातं. शिवाय लहान-किशोरवयीन मुलांत आत्महत्येच्या विचारांवर नजर हवी. आणि आपली ही बाई चिंतेसाठी आधीच पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुऑक्सेटिन घेत असेल तर? ही दोन्ही यकृतातलं सीवायपी२डी६ अडवतात. अ‍ॅटोमोक्सेटिन रक्तात साचतं, नाडी पळू लागते. बिनधोक म्हणून दिलेल्या गोळीनेच ती घाबरीघुबरी होऊन परत येते. म्हणून आधी जुनी चिठ्ठी मागा, डोस कमी ठेवा, सावकाश चढवा.

आपल्या संकोचाचं आणखी एक कारण आहे, ते आपण फक्त जेवणाच्या टेबलावर बोलतो. मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये आहे. चिठ्ठी दोन प्रतींत, त्यातली एक केमिस्टने दोन वर्षं जपायची. तालुक्याच्या गावी हे झेंगट कोण गळ्यात घेणार? जिल्ह्यापर्यंत जाऊन रिकाम्या हाताने परतलेले पेशंट मी पाहिले आहेत. अडचण खरी आहे. मग पेशंटला तसं सांगावं, ‘तुम्हाला मानवणार नाही’ असं सांगू नये.

बाहेर चहा आला आहे. दुसऱ्या सत्रात कोणाला धडधडलं, तर मी आधी कपच विचारणार आहे.