कळवळा आणि मोजदाद



हुशारी, कष्टाळूपणा, धाडस, माया हे गुण दुर्मीळ नाहीत. त्यांतला एखादा गुण भरभरून असलेली माणसे आज पदवी घ्यायला या सभागृहात रांगेने बसली आहेत. विरळा असते ते एकमेकांशी सहसा न जमणाऱ्या गुणांनी एका माणसात सुखाने नांदणे. मन चटकन द्रवणाऱ्याला आकडेमोड रूक्ष वाटते आणि आकड्यांत रमणाऱ्याला शेजारचे कण्हणे ऐकू येतेच असे नाही. दोन्ही एकत्र आले की काय घडते, हे गडचिरोलीने पाहिले आहे.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी नागपुरात वैद्यकीय शिक्षण घेतले. पुढे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून ते परत आले आणि १९८६ साली त्यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभी केली. पहिला दवाखाना तेंदूपाने साठवण्याच्या गोदामात होता.

त्या काळात खेड्यातल्या बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढाच विचार होई. बाकीचे दुखणे बाई अंगावर काढी. राणीताई स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांनी बायकांचे ऐकून घेतले, पण ऐकून हळहळण्यावर त्या थांबल्या नाहीत. दोन गावांतल्या साडेसहाशे स्त्रियांची तपासणी झाली आणि त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग असल्याचे आढळले. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. हा अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. जे दुःख चुलीपुढे कुजबुजले जात होते, ते जगभरच्या तज्ज्ञांना वाचावे लागले.

मग प्रश्न आला बालमृत्यूंचा. न्यूमोनिया झालेले बाळ भराभर श्वास घेते. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त झाले, की धोका समजायचा. पण गावातल्या सुइणीला साठपर्यंत मोजता येत नसेल तर? त्यासाठी मणी ओवलेले एक साधे लाकडी साधन आले आणि सोबत एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवावा लागला, तर बाळाला न्यूमोनिया आहे असे समजून औषध सुरू करायचे. या छोट्या वस्तूकडे नीट पाहावे. शिकलेल्या माणसाने न शिकलेल्या बाईवर पूर्ण विश्वास टाकल्याशिवाय ती सुचत नाही, आणि श्वासांचा हिशेब काटेकोर असल्याशिवाय ती उपयोगी पडत नाही.

पुढचे पाऊल अधिक धाडसाचे होते. गावातल्याच, थोडेफार शिकलेल्या बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार करण्यात आले. गुदमरलेल्या नवजात बाळाला श्वास देणे, त्याला ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि गरज पडली तर इंजेक्शनही देणे, हे सारे त्या शिकल्या. डॉक्टर नसलेल्या बाईने तान्ह्या बाळाला सुई टोचायची, हे अनेक डॉक्टरांच्या गळी उतरणे कठीण होते. त्यांना पटवायला भाषणे पुरली नसती. ३९ गावांत हे काम चालले आणि तुलनेसाठी आणखी ४७ गावांतले जन्म-मृत्यूही नोंदवले गेले. कामाच्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली पुन्हा ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध झाले. आकड्यांपुढे विरोध टिकत नाही असे नाही, पण त्याला निदान उत्तर द्यावे लागते.

बंग दांपत्याने रुग्णालय बांधताना आधी आदिवासींना विचारले. त्यांना भव्य इमारत नको होती. आजाऱ्यासोबत नातेवाइकांना राहता यावे, अशी जागा हवी होती. म्हणून ते झोपड्यांच्या वस्तीसारखे बांधले गेले आणि त्याला माँ दंतेश्वरी या देवीचे नाव मिळाले. इथे हुशारीपेक्षा नम्रता कामी आली, आणि पदवीधराला ती फार अवघड जाते.

कळवळा आणि मोजदाद यांची ही सांगड जुन्या काळातही दिसते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की हातात दिवा घेतलेली परिचारिका आठवते. पण क्रिमियन युद्धातले सैनिक जखमांपेक्षा रोगांनीच अधिक मरत होते, हे तिने आकडे गोळा करून, रंगीत आकृत्या काढून सरकारपुढे मांडले. दिव्याइतकीच ती आकृतीही तिच्या मायेची खूण आहे.

नवजात बाळाची घरीच काळजी घेण्याची गडचिरोलीत सिद्ध झालेली पद्धत २०११ साली राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग झाली. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली, की गावची ‘आशा’ ही आरोग्य कार्यकर्ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिच्या घरी जाते. बाळाला काट्यावर तोलते, ताप बघते, अंगावर नीट पाजले जाते का ते विचारते आणि सगळे लिहून ठेवते. तुमच्यापैकी कुणी उद्या जिल्हा परिषदेत, आरोग्य खात्यात किंवा एखाद्या प्रयोगशाळेत असाल. या नोंदी तुमच्या टेबलावर येतील, तेव्हा त्या शेवटपर्यंत वाचा आणि जिथे आकडा खटकेल त्या गावी स्वतः जाऊन या.