होडीवर लॅपटॉप नेताना

स्वतःची शिडाची होडी बाळगणारी मंडळी मार्गदर्शनासाठी लॅपटॉप घ्यायला निघाली की आधी प्रोसेसर बघतात, मग रॅम, मग किंमत. माझा आग्रह आहे की हे सगळं मागाहून बघावं. आधी बघायचं ते एवढंच, की पडद्यावरचा नकाशा आपल्यापासून काय लपवतो आणि ते बाहेर काढायची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे की नाही.

29 नोव्हेंबर 2014 ची घटना घ्या. व्होल्वो ओशन रेसमधली ‘टीम व्हेस्टास विंड’ ही 65 फुटी होडी केपटाऊनहून अबू धाबीकडे चालली होती. मॉरिशसच्या ईशान्येला कार्गाडोस काराहोस नावाचे प्रवाळखडक आहेत. त्यांच्यावर ती अंधारात, सुमारे 19 नॉटच्या वेगाने आदळली. नऊही जण वाचले, हे नशीब. जीपीएस होतं, संगणक होते, माणसं अनुभवी होती. पण लांबचा पल्ला एका नजरेत यावा म्हणून नकाशा लहान करून पाहिलेला होता, आणि त्या प्रमाणावर तिथे दिसत होते ते 40 मीटरहून खोल असलेले उंचवटे. होडीला 40 मीटर पाणी म्हणजे चिंताच नाही! तोच नकाशा मोठा करत नेला असता तर कित्येक मैल लांबीचा खडक पडद्यावर उमटला असता. पुढे आयोजकांनी नेमलेल्या स्वतंत्र समितीनेही नकाशाच्या या मांडणीतल्या उणिवेवर बोट ठेवलं.

असं होतं, कारण व्हेक्टर नकाशातल्या, म्हणजे बिंदू-रेषांच्या माहितीतून पडद्यावर रेखाटल्या जाणाऱ्या नकाशातल्या, अनेक गोष्टींना कुठल्या प्रमाणापासून दिसायचं हे ठरवून दिलेलं असतं. तसं नसतं तर सगळा पडदा आकड्यांनी भरून गेला असता. जिल्ह्याच्या नकाशात तुमचं गाव एक ठिपका असतं, त्यात तुमच्या शेतातली विहीर नसते. म्हणून नकाशा खोटा ठरत नाही. पण तोच हातात धरून बिनकठड्याच्या विहिरीच्या रानात रात्री कोणी चालेल का? रानात उतरायचं तर गावाचा नकाशा काढावा लागतो, बांधाबांधाने पाहावं लागतं. पडद्यावर मात्र जिल्हा आणि बांध यांत बोटाची एक हालचाल असते, आणि आपण जिल्ह्यावर आहोत हेच विसरायला होतं.

कोणी म्हणेल, चूक माणसाची, सॉफ्टवेअरला दोष कशाला? माणसाची खरीच, पण इतके जाणते लोक चुकतात तिथे साधन निवडतानाच ही चूक अवघड करून ठेवायला हवी. कागदी नकाशालाही प्रमाण असतंच, हाही आक्षेप बरोबर आहे. फक्त कागदावर ते ठळक छापलेलं असतं आणि कागद ताणून मोठा होत नाही. म्हणून ओपनसीपीएनसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घेतलंत तरी त्यातला लहान प्रमाणावर तपशील गाळणारा पर्याय शोधून बंद करा, होडीच्या बुडाला साजेशी सुरक्षित खोली भरा. आपल्या किनाऱ्याचे अधिकृत नकाशे डेहराडूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय काढतं, ते ताजे आहेत का बघा. आणि निघण्याआधी आखलेला मार्ग पहिल्या टप्प्यापासून शेवटपर्यंत मोठा करून सरकवत पाहा. मुंबईत कुलाब्याच्या दक्षिणेला भरतीत झाकला जाणारा प्राँग्जचा खडक आहे. तिथे दीपगृह तरी आहे, प्रत्येक खडकावर ते नसतं.

एवढ्या कामाला महागडा लॅपटॉप लागत नाही, जुनाही चालतो. राहिलं ते विजेचं. 60 वॅट खाणारा लॅपटॉप 12 व्होल्टच्या बॅटरीतून 5 अँपिअर ओढतो, म्हणजे दिवसरात्र चालवला तर 120 अँपिअर-अवर. दिवे, पंप, व्हीएचएफ रेडिओ सगळं त्याच बॅटरीवर. इन्व्हर्टरने 12 चे 230 व्होल्ट करायचे आणि चार्जरने पुन्हा खाली आणायचे, यात वीज वाया जाते, तेव्हा 12 व्होल्टवरून थेट यूएसबी-सीने चार्ज होणारा घ्या. महागडा न घेता वाचलेल्या पैशांत राखीव म्हणून एखादा वापरलेला लॅपटॉप घेऊन, तेच नकाशे भरून, कोरड्या पिशवीत बंद करून ठेवा. मार्ग त्याच्यावरही एकदा मोठा करून पाहिलेला असू द्या.