आपल्या ग्राउंडवरची ती रिंग
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करते. त्यावर बोलले तर तुम्ही जेवणाच्या पंगतीकडे पळाल. म्हणून आज बास्केटबॉलवर बोलते.

आपल्या ग्राउंडवरची ती रिंग आठवते? जाळी नव्हती. मातीत बॉल नीट उसळायचा नाही. तरी नववीपर्यंत आम्ही सहा-सात मुली रोज संध्याकाळी तिथं असायचो. आमच्यातली सगळ्यात चांगली खेळाडू आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिला विचारूनच सांगते. ती बॉल घेऊन निघाली की मुलंही अडवू शकत नव्हती. दहावीत गेलो आणि घरोघरी एकच वाक्य ऐकू आलं, "पोट्टी मोठी झाली, आता ग्राउंडवर कायले जाते?" खेळ संपला. आम्ही भांडलोही नाही, याचं मला आज जास्त वाईट वाटतं.

१९९७च्या मार्चमध्ये आपण दहावीची परीक्षा दिली. त्याच वर्षी २१ जूनला अमेरिकेत डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगचा पहिला सामना झाला. ह्यूस्टन कॉमेट्स या संघानं पहिली चारही विजेतेपदं जिंकली. त्यांची सिंथिया कूपर तेव्हा ३४ वर्षांची होती. मायदेशी लीगच नसल्यानं तिनं ऐन उमेदीची वर्षं स्पेन आणि इटलीत खेळून काढली होती. लीग सुरू झाली आणि पहिल्या दोन्ही वर्षांची सर्वोत्तम खेळाडू तीच ठरली. तिच्याच संघातली शेरिल स्वूप्स बाळंतपणानंतर साधारण सहा आठवड्यांत मैदानात उतरली. या बायकांचा खेळ आधीही होताच. नव्हती ती खेळायची जागा.

आपल्याकडेही तेच. केरळची गीतू अण्णा जोस ऑस्ट्रेलियातल्या क्लबकडून खेळली. २०११ मध्ये तिला डब्ल्यूएनबीएच्या संघांनी चाचणीसाठी बोलावलं. निवड झाली नाही, पण भारतातून तिथवर पोहोचलेली ती पहिली. तिला घरी आधार होता तो रेल्वेच्या नोकरीचा. आपल्या देशात महिला खेळाडूंच्या कित्येक पिढ्या रेल्वेनं जगवल्या आहेत. आणि आपल्या महाराष्ट्रातली, पुण्याची शिरीन लिमये! २०१७ मध्ये बंगळुरूला आशिया कपच्या 'ब' गटाच्या अंतिम सामन्यात भारतानं कझाकस्तानला ७५-७३ असं हरवलं, त्या संघात ती होती. पुढे ती भारताची कर्णधार झाली. अवघ्या दोन गुणांचा फरक, म्हणजे एक बास्केट!

तिसऱ्या रांगेतली आपली मैत्रीण भारतासाठी खेळली असती, असं मी म्हणत नाही. ते कोणालाच माहीत नाही. ते कळायची संधीच तिला मिळाली नाही, एवढंच म्हणते. दोन वर्षांपूर्वी मी सोसायटीच्या कोर्टवर पुन्हा खेळायला लागले. गुडघे कुरकुरतात, पण रिंगमध्ये बॉल पडला की मी पुन्हा नववीत असते. फोनवर हे तिला सांगितलं, तर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माह्या पोरीले शिकव."

तर माझी एक विनंती आहे. आजच्या वर्गणीतून जे उरेल, त्यातून रिंगला जाळी, दोन चांगले बॉल आणि ग्राउंडवर एक दिवा लावू. रोज संध्याकाळी एक तास फक्त मुलींचा असावा, दहावीच्या मुलींचासुद्धा. गावात राहणाऱ्या आपल्या मैत्रिणींनी आळीपाळीनं तिथं बसावं, म्हणजे घरच्यांना काळजी नको. मी दर दिवाळीत आणि उन्हाळ्यात आठ दिवस येईन आणि शिकवीन.

जेवणाआधी पाच मिनिटं ग्राउंडवर चला. बॉल मी सोबत आणला आहे. पहिला शॉट तिसऱ्या रांगेतून येईल.