रानाची चाकरी
(फ्रीगंज येथे मंडळाच्या मासिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय कळवला तेव्हा आपल्या कार्यवाहांनी मला हसत विचारले, "आपल्या सभेत जंगल कुठून आणलेत? उज्जैन जिल्ह्यात तर रान औषधालासुद्धा सापडत नाही." त्यांचे म्हणणे खोटे नाही. आपल्या या पत्रकात आपण नगर निगमाचे बोलतो, नळाच्या पाण्याचे, निवडणुकीचे बोलतो. वाघ आणि पक्षी हा आपल्याला हौशी लोकांचा विषय वाटतो. पण मला हा विषय एका घरातल्या वादामुळे सुचला, आणि तो वाद राजकीयच आहे असे माझे मत आहे.

आपल्याच समाजातील एक मुलगी विज्ञानाची पदवीधर झाली. तिला वनसेवेच्या परीक्षेचा अर्ज भरायचा आहे. घरात मात्र नकार आहे. आजी म्हणते, "बँकेत जा, शाळेत शिकव. रामाला चौदा वर्षांचा वनवास होता, तुला काय जन्माचा हवा?" वडिलांना बदल्यांची, लाकूडचोरांची आणि एकट्या मुलीची काळजी आहे. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही बाबांना सांगा." मी म्हटले, एकट्या बाबांना काय सांगायचे, सगळ्या समाजालाच सांगतो. म्हणून आज उभा आहे.

मंडळी, आपली घराणी मालव्यात आली ती चाकरीसाठी. कोणी फडात, कोणी कमाविसदाराच्या हाताखाली, कोणी फौजेत, कोणी देवस्थानात. शिंदे सरकारच्या दप्तरात आपल्या आजे-पणज्यांची अक्षरे आहेत. आपण राहतो त्या फ्रीगंजला माधवनगर म्हणतात, ते माधवराव शिंदे यांच्यावरून. आता याच माधवरावांच्या नावाचे दुसरे ठिकाण पाहा. शिवपुरीचे जंगल हे शिंद्यांचे शिकारीचे राखीव रान होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच महाराजांनी आफ्रिकेतून सिंह आणवून श्योपूरच्या बाजूला सोडले होते. सिंहांनी गुरे मारली, माणसे मारली आणि तो प्रयोग फसला. राजाची हौस होती, राजाचे रान होते, आणि त्याचा हिशेब मागणारा कोणी नव्हता.

स्वातंत्र्यानंतर शिवपुरीचे ते रान माधव राष्ट्रीय उद्यान झाले. पुढे तिथले वाघ संपले. मार्च २०२३ मध्ये तिथे पुन्हा वाघ सोडण्यात आले आणि मार्च २०२५ मध्ये ते व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर झाले. शिकारखाना ते व्याघ्र प्रकल्प, या प्रवासात एक फार मोठी गोष्ट बदलली. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, आणि रान राजाचे न राहता जनतेचे झाले. म्हणजे त्या रानाचा अधिकारी हा तुमचा आमचा नोकर झाला. आपल्या पूर्वजांनी जी राजाची चाकरी केली, तीच आता लोकांची चाकरी आहे. मग तिला वनवास का म्हणायचे?

ही चाकरी कशी करावी याचा आपल्या भाषेतला नमुना म्हणजे मारुती चितमपल्ली. ५ नोव्हेंबर १९३२ रोजी सोलापुरात जन्म. कोइम्बतूरच्या वन महाविद्यालयात शिक्षण झाले आणि मग तीन दशकांहून अधिक काळ महाराष्ट्राच्या वनखात्यात नोकरी केली. कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट ही त्यांच्या कामाची ठिकाणे. १९९० मध्ये ते उपमुख्य वनसंरक्षक म्हणून निवृत्त झाले. २००६ मध्ये सोलापूरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जून रोजी सोलापुरातच त्यांचे निधन झाले.

ही झाली पदांची यादी. मला सांगायचे आहे ते वेगळेच. सरकारी गणवेशातला हा माणूस जंगलात गेला तो शिकणारा म्हणून. नवेगावबांधला माधवराव पाटलांसारख्या जाणकाराच्या मागे तो हिंडला. गोंडांकडून, कोळ्यांकडून, पारध्यांकडून त्याने पाखरांची आणि झाडांची नावे उतरवून घेतली. जुने ग्रंथ कळावेत म्हणून नोकरी करता करता संस्कृत शिकला. बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीला मराठीत शब्द नव्हता, तर 'सारंगागार' असा शब्द दिला. कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' म्हटले. अशी टिपणे करता करता त्यातून 'पक्षिकोश' उभा राहिला. परप्रांतात राहून मराठी टिकवण्याच्या गोष्टी आपण करतो. या माणसाने खात्याची नोकरी करून मराठीला एका अख्ख्या रानाचे शब्द दिले. साहेब होऊन बंगल्यात बसला असता तर हे घडले नसते. ज्याच्या दारात खाते उभे आहे त्याची भाषा ज्या अधिकाऱ्याला येते, त्याचेच लोक ऐकतात, हा पहिला धडा.

दुसरा धडा आपल्या मध्य प्रदेशातला आहे आणि तो कडू आहे. पन्ना व्याघ्र प्रकल्पात २००९ साली एकही वाघ उरला नाही. हे एका रात्रीत झाले नव्हते. रघु चुंडावत यांच्यासारखे अभ्यासक आधीपासून धोक्याची सूचना देत होते. पण कागदावर वाघ होते आणि कागदच खरा मानला गेला. दप्तरात काम केलेल्या घराण्यांना हे समजावून सांगायला नको. खोटी जमाबंदी लिहिली की पीक येत नाही, फक्त सरकार काही दिवस खूश राहते.

मग काय झाले? मार्च २००९ मध्ये बांधवगड आणि कान्हा येथून दोन वाघिणी पन्नात आणल्या. पेंचहून एक नर आणला. तो काही दिवसांतच आपल्या जुन्या घराच्या दिशेने निघाला. रानातून, शेतातून, गावांजवळून तो चालत होता. क्षेत्र संचालक श्रीनिवास मूर्ती आणि त्यांची माणसे हत्ती घेऊन सुमारे महिनाभर त्याच्या मागावर होती. शेवटी त्याला बेशुद्ध करून परत आणले. एप्रिल २०१० मध्ये पन्नात बछडे जन्मले. आज तिथल्या वाघांची संख्या पन्नासाच्या पुढे आहे. त्याच खात्याने वाघ गमावले आणि त्याच खात्याने परत आणले. फरक एवढाच, की दुसऱ्या वेळी वरच्या खुर्चीवरच्या माणसाने खरा आकडा मान्य केला, आणि नाकेदारापासून माहुतापर्यंत सगळ्यांना बरोबर घेतले. सार्वजनिक कामात नेतृत्व म्हणतात ते हेच.

तिसरा धडा आपल्या अगदी उशाशी आहे. रतलामजवळच्या सैलान्यात आणि धार जिल्ह्यातल्या सरदारपूरला १९८३ साली खरमोर पक्ष्यासाठी अभयारण्ये झाली. खरमोर कोंबडीएवढा. पावसाळ्यात आपल्या माळावर येतो. नर उंच गवतातून उड्या मारतो, तेवढीच त्याची खूण. २०२१ पासून जगातल्या अति संकटग्रस्त पक्ष्यांत त्याची गणना होते. त्याला झाडी नको, गवताचा माळ हवा. आपण मात्र माळाला 'पडीक' म्हणतो आणि प्लॉट पाडतो. माळव्याला रान नाही असे म्हणणाऱ्यांना माझे सांगणे आहे की गवत हेच माळव्याचे रान होते.

पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सरदारपूरच्या अभयारण्यात गावांची खासगी जमीन आली. शेतकऱ्यांना आपलीच जमीन विकताना वर्षानुवर्षे अडचणी आल्या. मुलीच्या लग्नाला जमीन विकायची आणि पाखरासाठी ती विकता येत नाही, असे ज्याच्यावर येते तो पाखराला दुवा देत नाही. उलट ज्या शेतकऱ्याने शेतातले खरमोराचे घरटे राखले त्याला वनखात्याने बक्षीस दिले, तेव्हा शेतकरीच राखणदार झाला. कायदा तोच, खाते तेच. लोकांना शत्रू मानायचे की भागीदार, हे खुर्चीवरचा माणूस ठरवतो. म्हणून तिथे कोण बसतो याला महत्त्व आहे, आणि म्हणून तिथे आपली मुले जावीत असे मला वाटते.

आता त्या मुलीच्या वडिलांकडे वळतो. त्यांची काळजी खोटी आहे असे मी म्हणणार नाही. याच मेळघाटात मार्च २०२१ मध्ये एका तरुण महिला वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याने आपले जीवन संपवले. मागे ठेवलेल्या पत्रात वरिष्ठाच्या छळाचा उल्लेख होता. त्या बाईला वाघाचे भय नव्हते. ही गोष्ट लपवून मी कोणाच्या लेकीला अर्ज भरायला सांगणार नाही. परंतु यावरचा उपाय मुलींनी घरी बसणे हा नव्हे. भारतीय वनसेवेत १९८० च्या तुकडीपासून स्त्रिया आहेत. शारीरिक कसोटीत पुरुषांना चार तासांत २५ किलोमीटर चालावे लागते आणि स्त्रियांना १४. आपल्या बायका पंचक्रोशीची यात्रा वैशाखाच्या उन्हात अनवाणी करतात, त्यांना १४ किलोमीटरचे काय सांगता? कसोटी चालण्याची नाही. एकटे पडल्यावर आपल्या पाठीशी कोण उभे राहील, ही खरी कसोटी आहे. तिथे समाजाचे काम सुरू होते. आपली मुलगी दूरच्या रेंजवर असेल, खोट्या बिलावर सही करायला नकार देईल आणि म्हणून तिची बदली होईल, तेव्हा हेच मंडळ तिच्यामागे उभे राहणार का? की "आम्ही आधीच सांगितले होते" म्हणून मोकळे होणार?

आणि ज्यांना अर्ज भरायचा नाही, त्यांनी काय करावे? मंडळी, शिप्रेचे पाहा. इंदूरजवळच्या काकरी बरडीच्या टेकडीत ती उगम पावते. त्या खोऱ्यातले गवत, झाडे, ओढे गेले आणि नदी आटली. २०१४ पासून नर्मदेचे पाणी उचलून शिप्रेत सोडावे लागते. २०१६ च्या सिंहस्थात आपण क्षिप्रास्नान म्हणून जे केले त्यात नर्मदामाईचा वाटा होता. २०२८ चा सिंहस्थ समोर आहे. घाट होतील, पूल होतील, रस्ते रुंद होतील. उगमाच्या टेकडीवर आणि खोऱ्यात काय केले, हे मत मागायला दारात येणाऱ्या प्रत्येकाला विचारा. पक्ष कोणताही असो, प्रश्न तोच ठेवा.

दुसरे असे, की २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेला जैवविविधता समिती नेमणे बंधनकारक केले आहे. हे ग्रामपंचायतीला लागू आहे तसे नगर निगमालाही आहे. त्या समितीने लोकांना विचारून नोंदवही ठेवायची असते. आपल्या भागात कोणती झाडे, कोणते मासे, कोणते पक्षी होते आणि आहेत, हे तीत लिहायचे. या नोंदवहीची कल्पना देशात रुजवण्यात पुण्याच्या माधव गाडगीळ यांचा मोठा वाटा आहे. आपल्या नगरसेवकांना विचारा, आपल्या शहराची वही कुठे आहे? समितीची शेवटची बैठक कधी झाली? आणि नुसते विचारून थांबू नका. शिप्रेत कासवे कुठे दिसत, कोणत्या विहिरीचे पाणी गोड होते, कोणत्या वडावर वटवाघळे लटकत, हे ज्यांना आठवते ती माणसे याच सभागृहात पहिल्या दोन ओळींत बसली आहेत. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या घराण्यांकडे असलेली ही दौलत त्यांच्याबरोबर जाईल. माझी सूचना आहे, की पुढच्या महिन्यापासून आपल्या तरुणांनी दर रविवारी एका ज्येष्ठाच्या घरी जावे, आठवणी लिहून घ्याव्यात आणि ती वही मंडळातर्फे नगर निगमाकडे रीतसर द्यावी. पोच मात्र घ्यावी. दप्तरी घराण्यांना पोचेचे महत्त्व सांगायला नको.

शेवटी त्या आजींना माझी हात जोडून विनंती आहे. आजी, वनवासाला जाताना रामाजवळ ना हुकूम होता ना शिक्का. तुमच्या नातीजवळ कायदा असेल, गणवेश असेल आणि पगारही असेल. तिच्या भाषेत तुमचे शब्दही असतील. तिला फक्त तुमचा आशीर्वाद कमी पडतो आहे. अर्जाची मुदत निघून जाण्याआधी तो द्यावा.

 जय महाकाल, जय महाराष्ट्र!