दारची बाळंतीण
(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



मी सिग्नल खात्यातला माणूस, म्हणून रेल्वेवरच बोलेन असे आपल्याला वाटले असेल. पण ज्या श्रीपेरुंबुदूरला रेल्वे स्टेशनच नाही, तिथे रेल्वेवर काय बोलायचे! त्यापेक्षा गेल्या पावसाळ्यात ज्यावरून आपल्या वसाहतीत दोन तट पडले होते, त्यावर बोलतो. विषय आहे व्यायलेली कुत्री आणि तिची पिल्ले.

आमच्या गावी कुत्री व्यायली की आम्ही पोरे घरोघर हिंडून पीठ, गूळ आणि तेल गोळा करायचो. कुणाची तरी आजी त्याचा शिरा करून द्यायची. "बाळंतीण आहे रे ती," एवढेच तिचे म्हणणे. नामदेवांची पोळी कुत्र्याने पळवली आणि ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही गोष्टही त्याच आजीकडून ऐकलेली. इथे आल्यावर पाहिले, तर समोरच्या तमिळ पाट्टी भात आणि उकडलेले अंडे कालवून 'नायकुट्टीं'च्या आईपुढे ठेवत होत्या. भाषा वेगळी, पण माया तीच.

गेल्या ऑक्टोबरात पंपघरामागच्या खड्ड्यात कुत्रीने पाच पिल्ले घातली. आपल्या गावाकडचा पाऊस तेव्हा संपलेला असतो. इथला ईशान्य मोसमी पाऊस मात्र ऑक्टोबरातच सुरू होतो. खड्डा भरणार हे उघड होते. त्यातच एका मुलाने पिल्लू उचलले आणि आईने त्याच्या हातावर ओरखडा काढला. मग बैठक झाली. पिल्ले पोत्यात घालून तलावापलीकडे सोडावीत, असे काहींचे मत पडले. मुलांच्या आईवडिलांची भीती खोटी नव्हती, हे मी आजही म्हणतो.

मी डिप्लोमावाला, जनावरांचा डॉक्टर नव्हे. पण त्या आठवड्यात व्हेटर्नरी डॉक्टरांना विचारून जे शिकलो ते सांगतो. पिल्लाचे डोळे दहा ते चौदा दिवसांनी उघडतात, कान त्यानंतर. पहिले दोन आठवडे त्याला स्वतःचे अंग गरम ठेवता येत नाही. आईने चाटल्याशिवाय शी-शूसुद्धा होत नाही. म्हणजे आईवेगळे करून सोडणे याचा अर्थ मारणेच. शिवाय पिल्ले नेली तरी आई इथेच राहते, पिल्ले शोधत फिरते आणि जास्त बिथरते.

बैठकीत शेवटी पिल्लांना इथेच ठेवायचे ठरले. आम्ही जिन्याखाली उंचावर एक लाकडी खोके ठेवले. त्यात गोणपाट आणि जुनी चादर घातली. आईला आधी खायला घातले आणि तिच्या डोळ्यांदेखत पिल्ले हलवली. तीही मागोमाग आली. चौथ्या दिवशी सर्वांत लहान पिल्लू गेले. चार जगली.

पिल्लांना गाईचे दूध पाजू नका. ते कुत्रीच्या दुधापेक्षा पातळ असते आणि त्याने हगवण लागते. त्यापेक्षा आईला पोटभर घाला. अंगावर पाजणाऱ्या कुत्रीला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट अन्न लागते आणि पाणी सतत हवे. कांदा व चॉकलेट अजिबात नको. व्यायल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात ती थरथरू लागली, पाय ताठ झाले, जोरात धापू लागली, तर रक्तातले कॅल्शियम घटलेले असू शकते. त्याच तासाला डॉक्टर गाठा. जंताचे औषध दुसऱ्या आठवड्यापासून आणि लसी सहा ते आठ आठवड्यांपासून डॉक्टर सांगतील तशा द्याव्यात. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात.

आता मुलांविषयी. आमच्या सिग्नलमध्ये एक तत्त्व आहे. काही बिघडले तर सिग्नल लालच पडला पाहिजे. रेबीजच्या बाबतीत तेच धोरण ठेवा. चावा असो वा ओरखडा, कुत्री ओळखीची असो वा पिल्लू इवलेसे असो, शंका आली की लाल. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची. हळद, तिखट, चुना काही लावायचे नाही. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन सुरू करायचे आणि सर्व डोस पुरे करायचे. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. त्या मुलाचे सर्व डोस झाले आणि तो आज इथे पहिल्या रांगेत बसला आहे.

राहिला प्रश्न संख्येचा. याचे उत्तर आपल्या चेन्नईनेच देशाला दाखवले. कॅप्टन व्ही. सुंदरम् यांनी 1959 मध्ये इथे ब्लू क्रॉस ही संस्था काढली आणि 1964 पासून कुत्री मारण्याऐवजी त्यांची नसबंदी करण्याचा मार्ग धरला. महापालिकेने तो 1996 मध्ये स्वीकारला. 2001 मध्ये देशासाठी नियम झाले आणि 2023 मध्ये ते नव्याने आले. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नसबंदी व लसीकरण करून कुत्री त्याच भागात सोडावीत असे सांगितले. यातून रेबीज झालेली व आक्रमक कुत्री वगळली. खाणे मात्र ठरलेल्या जागीच घालावे असे बजावले. म्हणून आपण फाटकाजवळची एक जागा ठरवून घेतली.

पिल्ले दूध सोडून खाऊ लागल्यावर आईची शस्त्रक्रिया झाली. कानाचा कोपरा कापलेली ती आता आपल्या फाटकाशी बसते. दोन पिल्ले घरांत गेली, दोन इथेच आहेत. त्यांची नसबंदी वेळ येताच करायची आहे. त्या खर्चासाठी मंडळाने वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढावी, ही माझी विनंती. ज्यांनी बैठकीत विरोध केला होता त्यांनाही ही विनंती आहे, कारण पुढच्या ऑक्टोबरात खड्ड्यात पुन्हा पिल्ले नसावीत, ही त्यांचीही इच्छा आहे आणि माझीही.