वेठबिगारीवरून फुटलेले राज्य

इस्राएलचा राजा शलमोन इसवी सनापूर्वी 930च्या सुमारास वारला. मागे जेरुसलेमचे भव्य मंदिर राहिले, राजवाडा राहिला आणि या बांधकामांपायी वेठ उपसून मेटाकुटीला आलेली प्रजा राहिली. मुलगा रहबाम राज्याभिषेकासाठी उत्तरेकडे शखेमला गेला. तिथे लोक अट घालूनच बसले होते: वेठ हलकी करा, मग आम्ही तुमचेच.

रहबामाने तीन दिवसांची मुदत घेतली. शलमोनाच्या दरबारातली वडीलधारी मंडळी म्हणाली, नमते घ्या, दोन शब्द गोड बोला. बरोबरीच्या दोस्तांनी दरारा बसवायला सांगितले. बायबलच्या राजांच्या ग्रंथानुसार रहबाम तेव्हा 41 वर्षांचा होता. म्हणजे पोरवय म्हणूनही सूट देता येत नाही. त्याने दोस्तांचे ऐकले, बापापेक्षा कडक वागण्याची धमकी दिली आणि इस्राएलचे दहा वंश फुटून निघाले. त्यांची समजूत घालायला त्याने कुणाला धाडावे? वेठीचा प्रमुख अदोराम याला! लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. राजाने रथात उडी घेऊन जेरुसलेम गाठले. त्याच्याकडे उरले यहूदा आणि बन्यामीन हे दोन वंश.

उत्तरेचा राजा झाला यराबाम, एकेकाळी शलमोनाच्याच वेठीवरचा मुकादम. प्रजा सणाला जेरुसलेमच्या मंदिरात जात राहिली, तर मनेही तिकडेच वळतील, हे त्याने ओळखले. म्हणून उत्तर टोकाला दान येथे आणि दक्षिणेला, थेट जेरुसलेमच्या वाटेवर, बेथेल येथे त्याने सोन्याची वासरे बसवली. बायबलकारांनी हे महापाप ठरवले. राजकारण म्हणून मात्र चाल पक्की होती. दान येथे उत्खननात पूजास्थानाचा मोठा दगडी चौथरा सापडला आहे.

पाचच वर्षांत मिसरचा शिशक चालून आला. त्याने शलमोनाच्या सोन्याच्या ढाली नेल्या. रहबामाने पितळी करून घेतल्या. राजा मंदिरात निघाला की पहारेकरी त्या मिरवत आणि नंतर चौकीत ठेवून देत. शिशकाने मिसरातल्या कर्नाक मंदिराच्या भिंतीवर आपल्या स्वारीतल्या गावांची यादी कोरवली, तीत उत्तरेतले, म्हणजे यराबामाच्या राज्यातले, मगिद्दोही आहे. यराबामाला परागंदा असताना आसरा देणारा हाच शिशक!

यहूदात रहबामाचे, म्हणजे त्याचा आजा दावीद याचे, घराणे टिकले. उत्तरेत मात्र खुनाखुनी माजली. यराबामाच्या मुलाला बाशाने मारले. पुढे जिम्री तर सातच दिवस राजा होता. अखेर सेनापती अम्रीने जम बसवला, दोन किक्कार (वजनाचे जुने माप) चांदी मोजून टेकडी विकत घेतली आणि तिथे शोमरोन ही राजधानी वसवली. अश्शूरी लोक हे राज्य अम्रीच्याच नावाने ओळखत. त्याचे घराणे नेस्तनाबूत करणाऱ्या येहूलाही त्यांनी शिलालेखात अम्रीपुत्र करून टाकले!