विहिरीचे पाणी आणि पृथ्वीची ओढ



११ डिसेंबर १९६७ ची पहाट सातारा जिल्हा विसरलेला नाही. कोयनानगर परिसरातील ६.३ तीव्रतेच्या भूकंपात सुमारे २०० माणसे दगावली. पुढे १९९३ पासून वारणा जलाशयाच्या बाजूसही धक्क्यांचे प्रमाण वाढले. तेव्हा येथील भूगर्भात काय घडते आहे, हे जाणण्याचा प्रत्येक मार्ग आपल्या जिव्हाळ्याचा आहे. गुरुत्वमापन हा त्यांपैकी एक.

गुरुत्वाकर्षण सर्वत्र सारखे असते, असे आपण शाळेत शिकलो. ते ढोबळ मानानेच खरे आहे. आधुनिक गुरुत्वमापक एका मायक्रोगॅलच्या आसपासचा, म्हणजे पृथ्वीच्या ओढीतील सुमारे एक अब्जांश भागाचा फरक टिपू शकतो. भूकंपात जमीन १ सेंटिमीटर खचली, तर यंत्र पृथ्वीच्या केंद्राजवळ जाते आणि ओढ सुमारे ३ मायक्रोगॅलने वाढते. खडक दाबला गेला वा भेगाळला तरी आकडा बदलतो.

मात्र पाण्यालाही वजन आहे. १ मीटर जाडीचा, दूरवर पसरलेला निव्वळ पाण्याचा थर सुमारे ४२ मायक्रोगॅलची भर घालतो. आपल्या काळ्या कातळात पाणी मावणारी पोकळी शेकडा दोन-तीनच धरली, तर भूजल ५ मीटर चढल्यावर ४ ते ६ मायक्रोगॅल वाढतात. हिशेब रूक्ष खरा. पण त्याचा अर्थ पाहा. एका चांगल्या पावसाळ्यानंतर, जमीन जागची हललेली नसताना, ती दीड-दोन सेंटिमीटर खचल्याचा भास यंत्राला होईल! त्यात कोयनेच्या भरलेल्या जलाशयाची ओढ वेगळीच. शिवाय भूकंपाचा धक्का स्वतःच भूजल हलवितो. या भागातील निरीक्षण-विंधणविहिरींत धक्क्यांच्या वेळी काही सेंटिमीटरचे बदल नोंदले गेले आहेत.

२००२ पासून उपग्रहांनीही गुरुत्वातील बदल मोजले जातात. परंतु त्यांची नजर शेकडो किलोमीटरांची. पाटणचा पाऊस आणि जतचा दुष्काळ त्यांना वेगळे दिसत नाहीत.

म्हणून भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरीची नोंद महत्त्वाची. आपल्या गावी अशी विहीर असल्यास मोजणीपूर्वी तिच्यावरील व लगतचे पंप पुरेसा वेळ बंद राहतील, काठावरील मोजमापाची खूण पुसली जाणार नाही, आणि विहीर बुजविण्याचा ठराव आलाच तर तो यंत्रणेस आधी कळविला जाईल, एवढे पंचायतीने पाहावे.